एकाच फेरीत दोन बंदुका: वेगवेगळ्या सावजांसाठी शस्त्रं नेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी बदकं आणि दुपारी हरीण असा बेत आहे. शॉटगन आणि रायफल दोन्ही बरोबर नेता येतात का?

परदेशात, जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे बहुतेक ठिकाणी शॉटगन (छर्‍यांची बंदूक) आणि रायफल (एकेक गोळीची) दोन्ही नेता येतात. पण प्रश्न जरा वेगळ्या पद्धतीनं विचारायला हवा. शिकारीचे कायदे सहसा बंदुका मोजत नाहीत. या क्षणी तुमच्या अंगावर, हातात आणि खिशात जे आहे ते ज्या सावजामागे तुम्ही आहात त्यासाठी चालतं का, एवढं ते बघतात. आणि "मी ते वापरणार नव्हतो" हे उत्तर अनेक नियमांत चालत नाही, कारण तिथे गुन्हा वापरण्याचा नसून जवळ बाळगण्याचा असतो.

वन्यजीव अधिकाऱ्याच्या बाजूनं विचार केला की हे पटतं. त्याला तुमच्या मनातलं दिसत नाही. त्याला दिसते खांद्यावरची रायफल, जाकिटातली काडतुसं आणि परवान्यावरची तारीख. हरणाचा हंगाम सुरू व्हायला दोन दिवस असताना तुम्ही हरणाच्या जागी हरणाची रायफल घेऊन बसला असाल, तर "सशासाठी आलोय" हे त्यानं कशावरून मानायचं? म्हणून दोन सावजांचा बेत असला की दोन्हींचे नियम वेगवेगळे वाचून भागत नाही. ते एकमेकांवर ठेवून बघावे लागतात आणि ज्या ठिकाणी जो कडक असेल तो पाळावा लागतो.

"एकापेक्षा जास्त बंदुका नकोत" असं कुठे स्पष्ट लिहिलेलं असतं का?

असतं. कॅनडात स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीच्या नियमांत अनेक वर्षं हे कलम होतं: शिकार करताना एकापेक्षा जास्त शॉटगन जवळ असतील, तर एक सोडून बाकीच्या रिकाम्या असाव्यात आणि सुट्या केलेल्या किंवा पिशवीत बंद असाव्यात. थोडक्यात, दुसरी बंदूक आणा, पण ती लगेच उचलून बार काढता येईल अशी नको. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. तुमच्याकडे असं कलम नसलं तरी वागणूक तशीच ठेवा.

दोन सावजांच्या फेरीत सर्वांत जास्त लोक कुठे अडकतात?

काडतुसांत. बंदूक मोठी असते, ती लक्षात राहते. खिशातलं काडतूस राहत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथला केंद्रीय नियम अगदी स्पष्ट आहे. स्थलांतरित पक्ष्यांचं संरक्षण १९१८ च्या कायद्यानं होतं आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे अशा पक्ष्यांवर रायफल किंवा पिस्तूल चालवता येत नाही. शॉटगन १० बोअरपेक्षा मोठी चालत नाही (बोअरचा आकडा जितका लहान, नळी तितकी जाड), आणि चेंबर, म्हणजे काडतूस उडतं तो नळीचा मागचा भाग, व मॅगझिन, म्हणजे पुढची काडतुसं साठवायची जागा, मिळून तिच्यात तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. बंदुकीत जास्त मावत असतील तर मॅगझिनच्या नळीत प्लग घालावा लागतो. हा प्लग म्हणजे लाकडाची किंवा प्लॅस्टिकची साधी काठी असते, पण ती एकसंध हवी आणि बंदूक उघडल्याशिवाय निघता कामा नये. काही हंसांच्या वाढलेल्या संख्येला आवर घालायला निघणाऱ्या विशेष आदेशांत ही मर्यादा शिथिल असते, एरवी नाही.

आता शिशाचं. बदकं, हंस आणि कूट (बदकासारखा एक पाणपक्षी) यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंद आहेत. बदकं चिखल चाळून खातात, दाणे दळायला बारीक खडे गिळतात, आणि त्या खड्यांबरोबर तळाशी पडलेले छर्रेही गिळतात. पोटातल्या गिरणीत शिसं झिजतं, रक्तात उतरतं आणि पक्षी झुरून मरतो. म्हणून बंदी नुसत्या वापरावर नाही. बदकांच्या शिकारीवर असताना शिशाच्या छर्‍यांची काडतुसं जवळ असणंही गुन्हा आहे.

फेझंटवर, म्हणजे कोंबडीसारख्या रानपक्ष्यावर, शिसं अजून पुष्कळ ठिकाणी चालतं. तेच जाकीट, काडतुसं अडकवायच्या त्याच रबरी पट्ट्या. मी एकदा दोन्हींची तयारी केली होती. निघण्याच्या आदल्या रात्री जाकीट पालथं करून खिसे झटकले तर अस्तराच्या फाटक्या कोपऱ्यातून एक लाल काडतूस टपकन टेबलावर पडलं. गेल्या मोसमातलं, पितळ काळवंडलेलं, कडेवर "६" आकडा पुसट झालेला. शिशाचं. ते तसंच पाण्यावर गेलं असतं तर माझा हेतू कितीही चोख असला तरी मी नियम मोडलेला असता. तेव्हापासून बदकांचं जाकीट वेगळं आणि बाकी सगळ्यांचं वेगळं. दोन जाकिटांचा खर्च होतो, पण डोक्याचा ताप जातो.

युरोपातही असंच आहे का?

दिशा तीच. युरोपीय संघात १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्याभोवती १०० मीटरच्या पट्ट्यात शिशाचे छर्रे झाडायला बंदी आहे, आणि तिथे शिकारीला जाताना ते बाळगायलाही. एकाच फेरीत शेतातून तळ्याकडे जाणाऱ्यानं हा पट्टा नकाशावर आखून ठेवावा, कारण तुम्ही रेषा कधी ओलांडली हे पायांना कळत नाही. डेन्मार्कनं तर १९९६ मध्येच शिशाचे छर्रे सरसकट बंद केले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्यप्राण्यावर शिशाची गोळी चालत नाही, रायफलीचीसुद्धा. तिथे कारण कॉन्डॉर: टाकलेल्या आतड्यांतून शिशाचे कण खाऊन हे गिधाडवर्गी पक्षी मरत होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा कॉन्डॉरही पकडून त्यांची पैदास पिंजऱ्यात करावी लागली होती.

हरणाचा हंगाम सुरू आहे. मी फक्त ससे आणि खारींसाठी निघालोय. मोठी काडतुसं जवळ असली तर काय बिघडतं?

बरंच बिघडू शकतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणाच्या बंदूक-हंगामात लहान सावजामागे जाणाऱ्यानं मोठे छर्रे किंवा स्लग, म्हणजे एकच जाड गोळी असलेलं काडतूस, जवळ ठेवायचं नसतं. सशाला स्लगची गरज नसते, त्यामुळे ते खिशात असलं की अर्थ एकच निघतो. काही ठिकाणी त्या दिवसांत सशाच्या शिकाऱ्यानंही हरणाच्या शिकाऱ्यासारखं भडक नारिंगी घालायचं असतं. तिथे प्रश्न कायद्यापेक्षा जिवाचा आहे. रानात त्या दिवशी लांब पल्ल्याच्या रायफली घेतलेली माणसं बसलेली असतात.

माझ्याकडे हरणाचा परवाना आणि सशाचा परवाना, दोन्ही आहेत. मग तर चालेल ना?

दोन्ही हंगाम त्या दिवशी, त्या जागी आणि त्या हत्यारासाठी खुले असतील तर बहुधा चालेल. तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात.

सावजाप्रमाणे किमान ताकदीचे नियम कसे असतात?

लोकांना वाटतं, मोठी बंदूक घेतली की लहान-मोठं सगळंच आलं. काही कायदे खालची मर्यादा घालतात, काही प्रकारच ठरवून देतात.

जर्मनीत केंद्रीय शिकार कायदा सांगतो: रो या लहान जातीच्या हरणासाठी गोळीत १०० मीटरवर किमान १,००० ज्यूल ऊर्जा हवी. लाल हरीण, रानडुक्कर अशा इतर खुरवाल्या सावजासाठी नळी किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर किमान २,००० ज्यूल. या सर्वांवर छर्रे झाडायला बंदी. जखमी सावजाला जवळून शेवटची गोळी घालायला पिस्तूल चालतं, पण त्यालाही नळीच्या तोंडाशी २०० ज्यूलची अट आहे.

आता प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तुम्ही हलकी, बारीक नळीची रायफल घेऊन रो हरणाची वाट बघत बसला आहात. उजेड उतरतोय. झुडपातून फुरफुर ऐकू येते आणि चाळीस पावलांवर रानडुक्कर उभं राहतं, आडवं, निवांत. डुकराचा परवाना खिशात आहे, हंगामही खुला आहे. पण हातातली रायफल त्याच्यासाठी नाही. बोट चापावरून काढायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. नियम कागदी वाटतो, पण तो त्या जनावरासाठी आहे. कमी ताकदीची गोळी खाऊन डुक्कर तिथे पडत नाही, ते दाट झाडोऱ्यात जाऊन रात्रभर तडफडतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणांसाठी १९९१ चा कायदा आहे. रायफल .२४० इंचाहून बारीक नको, ऊर्जा १,७०० फूट-पाउंडाहून कमी नको. चिनी भेकर आणि चिनी जलहरीण या लहान जातींसाठी .२२० इंच आणि १,००० फूट-पाउंडांपर्यंत सूट आहे. हरणांवर शॉटगन काही अपवाद सोडता चालत नाही. त्यामुळे सशांवरची हलकी .२२ रिमफायर रायफल आणि हरणाची रायफल दोन्ही बरोबर असतील तर कुठली कशावर हे पक्कं डोक्यात हवं. तिथे रायफलीच्या प्रमाणपत्रावर ती कशासाठी वापरायची याच्या अटीही लिहिलेल्या असतात. परवाना आहे आणि बंदूक स्वतःची आहे, एवढ्यानं भागत नाही.

दोन बंदुका वागवण्यापेक्षा एकाच बंदुकीत दोन्ही सोयी नाहीत का?

आहेत, आणि मला त्या मनापासून आवडतात. जर्मन भाषक देशांत "ड्रिलिंग" नावाची तीन नळ्यांची बंदूक परंपरेनं वापरली जाते. सहसा वर शेजारी-शेजारी छर्‍याच्या दोन नळ्या आणि खाली रायफलीची एक. एका खटक्यानं ठरवायचं की पुढचा चाप कुठल्या नळीचा बार काढणार. कोल्हा निघाला तर छर्रा, हरीण निघालं तर गोळी. वर एक आणि खाली एक अशा दोन नळ्यांच्या जोडबंदुकाही मिळतात.

नियमाच्या दृष्टीनं मात्र ती एकच वस्तू दोन्ही प्रकारांत मोडते. जिथे पक्ष्यांवर रायफल वर्ज्य आहे, तिथे छर्‍याची नळी वापरली तरी रायफलीच्या नळीत गोळी भरलेली असणं संशयाचं ठरू शकतं. ती नळी रिकामी ठेवा. आणि खटका कुठे आहे हे दर वेळी अंगठ्यानं चाचपा. चुकीची नळी उडण्याचे अपघात याच सवयीच्या अभावी होतात.

काडतुसांची अदलाबदल इतकी धोक्याची का म्हणतात?

या प्रश्नावर मी मुद्दाम वेळ घेतो.

समजा एकाकडे १२ बोअर आहे आणि सोबत लहान सावजासाठी २० बोअर. २० बोअरचं काडतूस बारीक असतं. ते चुकून १२ बोअरच्या चेंबरमध्ये टाकलं तर मागे अडत नाही, घसरून पुढे जातं आणि चेंबर संपून नळी निमुळती होते तिथे रुतून बसतं. शिकारी चाप ओढतो. खट्. काहीच होत नाही. तो बंदूक उघडतो, चेंबर रिकामं दिसतं. "भरायचं राहिलंच वाटतं," म्हणून तो आता योग्य १२ बोअरचं काडतूस भरतो आणि पुन्हा चाप ओढतो. मागचं काडतूस उडतं, पुढे वाट बंद. नळी फुटते, आणि फुटते ती नेमकी पुढच्या हाताखाली.

याच कारणानं २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत पडली. पिवळं दिसलं की हात थांबला पाहिजे. पण अंधारात, हातमोज्यात, घाईत रंग दिसत नाही. म्हणून दोन्ही बोअर एका खिशात, एका पिशवीत, एका डब्यात कधीही नाहीत. माझं मत याहून कडक आहे: १२ आणि २० एकाच फेरीत नेऊच नका. दोन शॉटगन हव्याच असतील तर दोन्ही एकाच बोअरच्या घ्या.

रायफलींतही असाच एक सापळा आहे. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या मॅगझिनमध्ये बसतं, आणि काही वेळा .२२३ च्या चेंबरमध्येही दाबलं जातं. जाड गोळी बारीक नळीत घुसवली की रायफल फुटते. मॅगझिनला रंगीत पट्ट्या लावणं हा उपाय आहे, पण दोन्ही एकत्र न नेणं हा त्याहून चांगला.

आणखी एक. चाप ओढला आणि बार निघाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मग रिकामी करा, आणि उघडल्यावर चेंबर बघून समाधान मानू नका. नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे.

दुसरी बंदूक प्रत्यक्षात कशी वागवायची?

रिकामी. पिशवीत बंद, पाठीवर. दोन भरलेल्या बंदुका घेऊन चालणाऱ्याला दोन्ही नळ्यांवर लक्ष ठेवता येत नाही, हातातल्या बंदुकीकडे बघताना पाठीवरची कुणाकडे वळली हे कळत नाही. कुंपण ओलांडताना आधी दोन्ही रिकाम्या, मग पलीकडे ठेवणं, मग माणूस.

गाडीत ठेवणार असाल तर कुलपात, नजरेआड. आणि "रिकामी" या शब्दाचा अर्थ स्थानिक नियमात वाचा. कुठे चेंबर रिकामं असलं की पुरतं, कुठे मॅगझिनही काढावं लागतं. ठासणीच्या बंदुकीची टोपी (दारू पेटवणारी) काढली की ती रिकामी धरतात असेही नियम आहेत, आणि धरत नाहीत असेही.

सोबतच्या मित्राला थोडा वेळ बंदूक धरायला दिली तर?

इथे आपली माणसं अजाणता फसतात. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, म्हणजे एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्याच्या कुटुंबीयांचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा) वगैरे, केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत. सर्वांत उपयोगाचा असा की अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना त्या व्यक्तीकडे असेल तर मनाई लागू होत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही.

आता बघा. नवऱ्याकडे शिकारीचा परवाना आहे. बायको एच-४ वर, नुसती फिरायला आली आहे. दोन बंदुका जड होतात म्हणून तो एक तिच्या खांद्यावर देतो. त्या क्षणी बंदूक तिच्या ताब्यात आहे आणि हा केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. त्याचा परिणाम व्हिसापर्यंत जातो. परवाना नसलेल्या सोबत्याच्या हातात बंदूक नाही, काडतुसांची पिशवीही नाही. आणि परवान्याची शेवटची तारीख बघून ठेवा, कारण मुदत संपली की घरी कपाटात ठेवलेल्या बंदुकीचाही प्रश्न उभा राहतो.

धनुष्याच्या हंगामात संरक्षणासाठी पिस्तूल ठेवता येतं का?

ठिकाणानुसार उत्तर उलटं होतं. काही राज्यांत धनुष्य-हंगामात कुठलीच बंदूक जवळ नको, काहींत स्वसंरक्षणाचं पिस्तूल चालतं पण त्यानं सावज मारता येत नाही. लेखी नियम बघितल्याशिवाय नेऊ नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून बंदूक बाळगण्याला त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो, पण याचा अर्थ तिथे शिकार करता येते असा नाही. बहुतेक उद्यानांत ती बंदच आहे.

माझं हरीण मिळालं, टॅग (एक हरीण मारण्याच्या हक्काची चिठ्ठी) त्याला लागला. मित्राबरोबर रायफल घेऊन पुढे जाऊ का?

नको. पुष्कळ ठिकाणी टॅग संपलेल्या माणसानं रायफल घेऊन हरणामागे फिरणं हीच शिकार धरली जाते. लहान सावजाचा परवाना असेल तर रायफल गाडीत कुलपात टाका आणि त्या सावजाचीच बंदूक घ्या.

प्रवासात, सीमेपलीकडे दोन बंदुका न्यायच्या असतील तर?

युरोपीय संघात शिकाऱ्यांसाठी युरोपियन फायरआर्म्स पास असतो आणि नेणार ती प्रत्येक बंदूक त्यात नोंदलेली लागते. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्यात जाताना १९८६ चा केंद्रीय कायदा वाटेतल्या राज्यांत संरक्षण देतो, पण दोन्ही टोकांना बंदूक कायदेशीर हवी, रिकामी हवी आणि बसण्याच्या जागेतून हाताला लागेल अशी नको. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी, आणि डॅशबोर्डचा कप्पा त्यात धरत नाहीत. विमानात कडक कवचाची कुलूपबंद पेटी, बंदूक रिकामी, काउंटरवर आधी सांगून. काडतुसांना बहुतेक कंपन्यांची दर प्रवाशी ५ किलोची मर्यादा असते. दोन प्रकारची काडतुसं असली की ती पटकन भरते.

भारतात काय?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीला मनाई आहे आणि अपवाद फार अरुंद, अधिकृत परवानगीचेच आहेत. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोन केली. त्यामुळे या पानावरचं बाकी काहीही तिथे लागू करू नका.

अधिकाऱ्यानं रानात थांबवलं आणि माझ्याकडे दोन बंदुका असतील तर?

नळी जमिनीकडे. "नमस्कार, माझ्याकडे दोन बंदुका आहेत, एक हातात भरलेली, एक पाठीवर पिशवीत रिकामी," हे त्यानं विचारण्याआधी सांगा. पाठीवरची दाखवायला आपणहून हात मागे नेऊ नका, तो सांगेल तेव्हाच उतरवा. परवाने आणि टॅग छातीच्या खिशात ठेवा, म्हणजे ते काढताना हात कमरेकडे जाणार नाही. काडतुसं मागितली तर सगळे खिसे रिकामे करा, अस्तराचा कोपरासुद्धा.